दुर्बिणीखालचा पहिला गुडघा पेशंटचा नको : सोलापुरातल्या नव्या ऑर्थो रेसिडेन्टसाठी सरावाची वाट

एमएस ऑर्थोला (हाडांच्या शस्त्रक्रियेचं पदव्युत्तर शिक्षण) प्रवेश मिळून सोलापुरात आलेल्या डॉक्टरांसाठी हे लिहितो आहे. तुम्ही सिव्हिलला असा, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय महाविद्यालयात, की खासगी रुग्णालयात डीएनबी करत असा, पहिलं वर्ष सगळीकडे सारखंच जातं. प्लास्टर, ट्रॅक्शन, ड्रेसिंग, रात्रीचे अपघात, सकाळच्या राउंडआधी एक्स-रे गोळा करणं. आर्थ्रोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीतून (स्कोपने) करायच्या सांध्याच्या ऑपरेशनच्या टेबलावर तुमच्या वाट्याला येतं ते पाय धरणं. मग दीड-दोन वर्षांनी कधीतरी सर म्हणतात, "घे, स्कोप तू घाल." तोवर तुमच्या हाताने दुर्बीण फक्त धुतलेली नि पुसलेली असते.

त्या दिवसाची तयारी आजपासून करता येते, तीही हॉस्टेलच्या टेबलावर, दोन-अडीच हजार रुपयांच्या आत. मोठ्या सिम्युलेटरची वाट बघत बसू नका. मी पाहिलंय की सराव मशीनवाचून फारसा अडत नाही. किती जमलं म्हणजे पुढे जायचं हे कुणी ठरवलेलं नसतं आणि आपण करतो ते बघायला दुसरं कुणी नसतं, म्हणून तो अडतो. या दोन गोष्टींची सोय कशी करायची, यासाठी हा सगळा खटाटोप.

अडचण नेमकी कुठे आहे

मोठी चीर देऊन सांधा उघडला की हात, डोळा आणि हाड एका रेषेत असतात. दुर्बिणीत तिघांची फारकत होते. हात गुडघ्यापाशी, डोळा पडद्यावर आणि काम कातडीच्या आत दोन बोटं खोल. कातडीचं भोक टेकू ठरतं, त्यामुळे हात खाली गेला की आतलं टोक वर जातं. पडद्यावर खोली कळत नाही. शिवाय गुडघ्यासाठी वापरतात तो साधारण ४ मिमी जाडीचा स्कोप सरळ समोर बघतच नाही, तो ३० अंशांनी तिरका बघतो.

ही तिरकी नजर मोठ्या कामाची आहे, कारण स्कोप जागच्या जागी फिरवला तरी कोपऱ्यापलीकडचं दिसतं. नवख्याचा सगळा गोंधळही तिथेच होतो. कॅमेऱ्याचं डोकं सरळ उभं धरायचं आणि लाइट केबल तेवढी फिरवायची, असा नियम आहे. नवखा दोन्ही एकदम फिरवतो. चित्र आडवं होतं, फीमर (मांडीचं हाड) कुठे नि टिबिया (नडगीचं हाड) कुठे हेच कळेनासं होतं आणि मग स्कोप पुढे-मागे ढोसला जातो. त्यात कार्टिलेज, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, खरवडलं जातं. कार्टिलेजला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिथला ओरखडा पूर्वीसारखा भरून येत नाही. मोहोळहून आलेल्या कबड्डीपटूने किंवा मागावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगाराने तुमच्या शिकण्याचा तेवढा खर्च का सोसावा?

या शस्त्रक्रियेची सुरुवातही सरावातूनच झालेली आहे. टोकियोत केन्जी ताकागींनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण गुडघ्यात घालून पाहिली, तो गुडघा मृतदेहाचा होता. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीतून मेनिस्कसचा (सांध्यातल्या अर्धचंद्राकार गादीचा) फाटका भाग काढला तो १९६२ मध्ये.

पहिली पायरी : रूममेटचा गुडघा

याला खर्च शून्य. रूममेटला विचारून त्याला पलंगाच्या कडेला बसवा, गुडघा ९० अंशांत लोंबता. स्किन पेन्सिल घ्या. पटेलाचं (गुडघ्याच्या वाटीचं) खालचं टोक, पटेलर टेंडनच्या दोन्ही कडा, टिबियाचा उंचवटा, फिब्युलाचं डोकं आणि सांध्याची रेषा, सगळं आधी बोटाने चाचपा आणि मगच रेघ ओढा. टेंडनच्या बाहेरच्या बाजूला अंगठा सहज आत दबतो असा एक मऊ त्रिकोण लागेल. सांध्याच्या रेषेच्या साधारण १ सेंमी वर, टेंडनच्या कडेला लागून, तिथे अँटेरोलॅटरल पोर्टल, म्हणजे स्कोप घालायचं भोक, येतं. ते खाली गेलं तर मेनिस्कसच्या पुढच्या शिंगालाच सुरी लागते. फार वर गेलं तर स्कोप मेनिस्कसच्या मागच्या भागापर्यंत पोचत नाही. एवढ्याशा भोकावर पुढचं सगळं ऑपरेशन अवलंबून असतं, म्हणून जाड, बारीक, सुजलेले, म्हातारे, सगळ्या तऱ्हेचे गुडघे चाचपा. ओपीडीत तपासायला आलेला प्रत्येक गुडघा ही एक संधी आहे. पेशंटच्या गुडघ्यावर रेघा मारू नका, नुसतं बोटाने पोर्टलची जागा ठरवा.

त्याच आठवड्यात तपासणीचा क्रम पाठ करा (मीडियल म्हणजे आतली बाजू, लॅटरल म्हणजे बाहेरची) : सुप्रापटेलर पाउच, पटेला आणि ट्रॉक्लिया, लॅटरल गटर, मीडियल गटर, मीडियल कंपार्टमेंट, नॉच, लॅटरल कंपार्टमेंट. प्रत्येक थांब्याला पाय कसा हवा, तेही त्यासोबतच. मीडियल बाजू बघताना गुडघा थोडासा वाकवून व्हॅल्गस ताण (नडगी बाहेर ढकलणारा), लॅटरल बघताना पाय चारच्या आकड्यासारखा. म्हणजे पुढच्या वेळी पाय धरायला उभे राहाल तेव्हा सर बोलायच्या आत पुढचा थांबा तुम्हाला माहीत असेल आणि पाय आपोआप त्या जागी जाईल. पाय धरणं हलकं काम समजू नका. नीट धरलेल्या पायाने बंद सांधा उघडतो, आणि सरांच्या लक्षात येतं की या मुलीला पुढचं कळतंय.

दुसरी पायरी : पेटी

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण पुढचे सहा महिने हीच तुमची शाळा.

बुटाच्या खोक्याएवढा अपारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. मधला मारुती परिसरातल्या दुकानांत तो सहज मिळतो. झाकणात चार-पाच सेंमी अंतरावर दोन गोल भोकं पाडा आणि त्यांवर जुन्या एस्मार्क (रबरी) बँडेजचा तुकडा ताणून चिकटवा. त्यात बारीक चीर दिली की रबर स्कोपला तसंच धरून ठेवतं, जशी कातडी धरते. एस्मार्क नसेल तर सायकलची ट्यूब चालते. ऑनलाइन मिळणारा यूएसबी तपासणी कॅमेरा, तोच जो मेकॅनिक इंजिनात घालून बघतात, मोबाइलला किंवा लॅपटॉपला जोडा. त्याची वायर लवचीक असते, म्हणून ती एखाद्या पोकळ स्टीलच्या नळीत ओवून घट्ट बांधा. तुमचा स्कोप तयार झाला. दुसऱ्या भोकातून प्रोब, म्हणजे चाचपायची आकडेदार सळई. ओटीतून (ऑपरेशन थिएटर) बाद झालेला प्रोब, ग्रास्पर (पकडायचा चिमटा), पंच (कुरतडायचं हत्यार) मिळतो का ते सिस्टरांना विचारा. कंडम झालेल्या सामानाची नोंद असते, म्हणून इनचार्ज सिस्टरांच्या परवानगीने आणि सही करूनच घ्या.

या कॅमेऱ्याची एक मर्यादा लक्षात ठेवा. तो सरळ बघतो, ३० अंश तिरका नाही, आणि त्याला वेगळी लाइट केबलही नसते. त्यामुळे दोन हत्यारांची टोकं पडद्यावर एकत्र आणणं, ज्याला ट्रँग्युलेशन म्हणतात, ते या पेटीत उत्तम शिकता येतं. तिरक्या नजरेची सवय मात्र खऱ्या स्कोपवरच लागते. ऑपरेशनची लिस्ट नसेल त्या दिवशी सरांच्या परवानगीने टॉवर (कॅमेरा, लाइट आणि पडद्याचा संच) लावून खरा स्कोप याच डब्यात अर्धा तास घालू द्या म्हणून विनंती करा. स्कोप महाग असतो, त्याच्या आतल्या काचा वाकवल्याने तडकतात, म्हणून सोबत वरिष्ठ असू द्या. त्या अर्ध्या तासात दुसरं काही करू नका. कॅमेरा सरळ, केबल फिरवा, काय दिसलं ते बोला.

पेटीतले खेळ मी या क्रमाने करायला सांगतो. थर्माकोलच्या उंचसखल तुकड्यांवर १ ते १० आकडे विखरून लिहा आणि प्रोबने क्रमाने स्पर्श करा. हे जमलं की ज्वारीचे दाणे. बाटलीच्या एका झाकणातून दाणा ग्रास्परने उचलून दुसऱ्या झाकणात. मालदांडीचा टपोरा दाणा गुळगुळीत असतो, जास्त दाबला की उडतो, कमी दाबला की निसटतो. किती जोर लावायचा याचं वळण हाताला तिथे लागतं. तिसरा खेळ मेनिस्कसचा. जुन्या हवाई चपलेच्या मऊ तळव्यातून अर्धचंद्र कापा, आतल्या कडेला पेनने फाटलेला भाग रंगवा आणि पंचने फक्त रंगीत भाग कुरतडून काढा. पांढऱ्या भागात पंच गेला की चूक. शेवटी उरलेली कड हाताने चाचपून बघा, पायऱ्या-पायऱ्या लागल्या तर काम कच्चं. खऱ्या मेनिस्कसमध्येही कड गुळगुळीतच सोडायची असते.

हे सगळं दोन्ही हातांनी करायचं. त्याला कारण आहे. पेशंट उताणा, तुम्ही त्याच्या पायाकडून तोंड करून उभे. उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू तुमच्या डाव्या हाताला येते, म्हणून स्कोप डाव्या हातात. डाव्या गुडघ्याला बरोबर उलट. एकाच हातावर भिस्त ठेवणाऱ्याला अर्धे गुडघे जड जातात.

तिसरी पायरी : मोजणी

नुसतं खेळत राहिलं तर महिन्याभरात कंटाळा येतो आणि हात बसल्याचा भास होतो. ऑक्सफर्डच्या सर्जनांनी २०१२ मध्ये दाखवलं की कौशल्य ओळखायला महागडे सेन्सर लागतातच असं नाही. तीन साध्या गोष्टी मोजल्या तरी नवखा आणि मुरलेला यांतला फरक कळतो. हत्यार किती वेळ पडद्याबाहेर राहिलं, स्कोपसमोर हत्यार आणायला किती वेळ लागला, आणि नजर पडद्यावरून हाताकडे किती वेळा वळली. दोन मोबाइल पुरतात. एक पडद्याचं रेकॉर्डिंग करतो, दुसरा तुमच्या चेहऱ्याचं. रात्री दोन्ही बघा आणि वहीत लिहा.

माझ्या मते तिन्हींत तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे. हाताकडे बघणं थांबलं की समजावं, मेंदूने पडदा स्वीकारला.

आता मर्यादा ठरवा. ज्यांच्या हाताबद्दल विभागात कुणाला शंका नाही अशा सरांना किंवा मॅडमना पेटीवर दोन-तीन वेळा तोच खेळ करायला सांगा. त्यांची सरासरी वेळ आणि चुका, ही तुमची रेघ. ती लागोपाठ दोनदा गाठली तरच पुढच्या खेळाला हात लावायचा. अमेरिकेत खांद्याच्या बँकार्ट दुरुस्तीवर (निखळलेल्या खांद्याची फाटलेली कड पुन्हा जोडणं) याच पद्धतीची परीक्षा झाली. रेसिडेन्टचे तीन गट केले. एकाला नेहमीचं शिक्षण, दुसऱ्याला सिम्युलेटरही, तिसऱ्याला सिम्युलेटर आणि शिवाय ठरलेली रेघ गाठल्याशिवाय पुढे जायचं नाही अशी अट. २०१५ मध्ये निकाल छापून आला. तिसऱ्या गटातल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांनी अंतिम कसोटी पार केली, बाकी दोन्ही गटांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपासच राहिलं. नुसतं सिम्युलेटर मिळालेल्यांना फार फायदा झाला नाही, हे त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं.

सराव वाटून करा. रविवारी सलग पाच तास बसण्यापेक्षा आठवड्यातून तीन-चार वेळा वीस मिनिटं. कॅनडात २००६ मध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याचं प्रशिक्षण एका गटाला एकाच दिवसात आणि दुसऱ्याला तेवढंच, पण आठवड्याच्या अंतराने दिलं गेलं. महिन्याभराने तपासलं तेव्हा अंतराने शिकलेल्यांचा हात सरस निघाला. इमर्जन्सी ड्यूटीच्या दुसऱ्या दिवशी मात्र पेटी उघडू नका. झोपेत शिकलेली चुकीची हालचाल नंतर मोडायला दुप्पट कष्ट पडतात.

गाठी

खांद्याच्या कामासाठी आणि काही प्रकारच्या मेनिस्कस दुरुस्तीसाठी लांबून गाठ मारावी लागते. आधी पायजम्याच्या दोन रंगांच्या नाड्या खिडकीच्या गजाला बांधून सरकती गाठ शिका, डंकन लूप किंवा एसएमसी, कुठलीही एक. एकच शिका, पण पक्की. मग २ नंबरचा मुदत संपलेला धागा आणि २ मिलीच्या सिरिंजचं पुढचं टोक कापून केलेली नळी, ही तुमची कॅन्युला. सरकत्या गाठीवर पोस्ट (ज्या धाग्याभोवती वेढा पडतो तो) बदलत किमान तीन उलटसुलट हाफ हिच टाकले नाहीत तर ती सैल पडते. ओले ग्लोव्हज घालूनही करा, कारण आत सगळं ओलंच असतं. गाठ पेन्सिलीभोवती मारून वेढा ओढून बघा. ३ मिमीपर्यंत ढिला झाला तर प्रयोगशाळेच्या भाषेत ती गाठ नापास धरतात.

बोकडाचा गुडघा

पेटीत हात बसला की खऱ्या ऊतकांकडे वळा. मटणाच्या दुकानात सकाळी लवकर जाऊन मागचा पाय, गुडघा न फोडता, वर-खाली वीतभर हाड ठेवून मागा. खाटकाला आधी सांगून ठेवलं नाही तर सवयीने तो सांध्यावरच सुरा चालवतो. बोकडाच्या गुडघ्यात दोन्ही मेनिस्कस आणि दोन्ही क्रूशिएट लिगामेंट असतात. पुढची चरबीची गादी मोठी असते, तीच बराच वेळ नजरेआड येते. बाहेरच्या बाजूने एक लांब टेंडन सांध्यातून जातं, ते माणसात नसतं, त्याला बघून गोंधळू नका. सांधा लहान, त्यामुळे ४ मिमीचा स्कोप कसाबसा बसतो. स्कोप नसेल तर सांधा सरळ उघडा आणि मेनिस्कसला टाके घाला. तेही शिक्षणच आहे.

याच हाडावर ड्रिल शिका. फीमरच्या मागे थर्माकोलची जाड पट्टी बांधा आणि हाड आरपार पाडा. समोरचं कॉर्टेक्स (हाडाचं कडक कवच) पार झालं की आवाज बदलतो, मागच्याला टेकलं की पुन्हा चढतो, आणि पार होण्याच्या क्षणी ड्रिल पुढे सटकतं. ते किती सटकलं हे थर्माकोलमधल्या भोकाची खोली सांगते. वहीत लिहा. गुडघ्याच्या मागे पॉपलिटियल धमनी असते, तिथे सटकलेले दोन सेंमी म्हणजे पाय गमावण्याची वेळ. बोथट ड्रिल बिट जास्त सटकतं, कारण आपण नकळत अंग टाकून दाबतो. दोन्ही प्रकारचे बिट वापरून फरक स्वतः अनुभवा.

इथे तीन नियम कडक पाळा. प्राण्याच्या ऊतकावर वापरलेलं एकही हत्यार ओटीच्या ट्रेमध्ये परत जाता कामा नये, त्यांचा वेगळा डबा आणि त्यावर लाल अक्षरांत नाव. ग्लोव्हज, मास्क, गॉगल घालूनच काम, शेळ्या-मेंढ्यांतून ब्रुसेलोसिस माणसाला होतो. आणि हे हॉस्टेलच्या खोलीत नाही, विभागाच्या परवानगीने कॉलेजच्या जागेतच करायचं, उरलेलं सगळं पिवळ्या पिशवीत.

सांधेरोपणाची तयारी

सोलापुरात गुडघ्याचं रोपण लागणाऱ्यांत विडी वळणाऱ्या बायका तुम्हाला पुष्कळ भेटतील. मांडीवर सूप घेऊन वर्षानुवर्षं मांडी घातलेली. गुडघे धनुष्यासारखे बाहेर वाकलेले, म्हणजे व्हेरस, आणि मीडियल बाजूचं टिबियाचं हाड घासून दगडासारखं कडक झालेलं. करवतीचं पातं अशा कडक हाडावर आलं की वर उचललं जातं आणि काप तिरका येतो. सरावासाठीची फोमची हाडं सगळीकडे सारखी मऊ असतात, त्यात हे कळत नाही. म्हणून मॉडेलच्या मीडियल बाजूवर हाडात वापरतात त्या जुन्या सिमेंटचा थर देऊन कापायला सांगतो. पातं कधी नि कसं उचलतंय हे तेव्हा मनगटाला कळतं.

कापांचे आकडे सवयीचे व्हायला हवेत. फीमरचा खालचा काप साधारण ५ ते ७ अंश व्हॅल्गसमध्ये, टिबियाचा काप यांत्रिक अक्षाला काटकोनात, फीमरचं फिरणं मागच्या काँडाइलच्या (फीमरच्या खालच्या गोल टोकांच्या) रेषेपासून साधारण ३ अंश बाहेर. आणि शेवटी पाय सरळ असताना आणि वाकवल्यावर, दोन्ही वेळा अंतर सारखं. प्रत्येक काप चुकवून बघा. टिबिया दोन मिमी जास्त कापला तर दोन्ही अंतरं वाढतात, फीमरचा खालचा काप जास्त घेतला तर फक्त सरळ पायातलं वाढतं. असं पाच-सहा वेळा मुद्दाम बिघडवून दुरुस्त केलं की पुस्तकातला तक्ता पाठ करावा लागत नाही. हे बिघडवणं फक्त मॉडेलवरच शक्य आहे, म्हणून तिथे पोटभर करून घ्या.

सिमेंटबद्दल एक गोष्ट इथल्या हवेमुळे खास सांगतो. हाडाचं सिमेंट गरम हवेत लवकर घट्ट होतं. पाकिटावरची वेळ साधारण २० ते २३ अंशांच्या खोलीसाठी असते. एप्रिल-मेमध्ये सोलापूर ४२-४३ अंशांवर असतं, आणि ओटीचा एसी नुकताच लावलेला असेल किंवा सिमेंट बाहेरच्या कपाटात ठेवलेलं असेल, तर काम करायला मिळणारी मिनिटं भराभर आटतात. मुदत संपलेलं सिमेंट मागून घ्या, एकदा फ्रिजमधलं, एकदा कपाटातलं कालवा, हातात घड्याळ धरा. ग्लोव्हला चिकटायचं थांबलं ती वेळ लिहा, कडक झालं ती वेळ लिहा. आपल्या ओटीचा असा तक्ता भिंतीवर असावा असं मला फार वाटतं.

मोठं सिम्युलेटर आणि मृतदेहावरचा कोर्स

व्हीआर चष्मे आणि रबरी गुडघ्याला जोडलेली संगणकी सिम्युलेटरं आता कॉन्फरन्समध्ये दिसतात. त्यांचा उपयोग आहे, यात वाद नको. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये २० शिकाऊ सर्जनांपैकी निम्म्यांना सिम्युलेटरवर शिकवलं आणि मग सगळ्यांना खऱ्या ओटीत गुडघा तपासायला दिला. शिकवलेले सरस ठरले, आणि गुण देणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं. अशा स्टॉलवर दहा मिनिटं मिळाली तर नवं प्रकरण उघडू नका, तपासणीचा क्रम पूर्ण करा आणि कार्टिलेजला किती वेळा धक्का लागला तो आकडा मशीनकडून मागून घ्या.

मृतदेहावरच्या कोर्ससाठी पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. पैसे भरण्याआधी विचारा : एका गुडघ्यावर किती जण, शिकवणारे किती, ऊतक ताजं गोठवलेलं की फॉर्मॅलिनमधलं. एका टेबलावर पाच-सहा जण असतील तर तो बघण्याचा कोर्स आहे, करण्याचा नाही. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन तेवढंच बघायचं असेल तर व्हिडिओ पुरतो. आणि कोर्सला जाण्याआधी पेटीतली रेघ गाठलेली हवी. स्कोप कसा धरायचा हे शिकण्यात तिथला अर्धा दिवस घालवणं म्हणजे पैशांची नासाडी, आणि ज्या कुटुंबाने देह दिला त्यांच्या दानाचीही.

आपल्या कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागालाही विसरू नका. १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्याखाली आणि देहदानातून मिळालेले देह तिथे असतात. फॉर्मॅलिनमधला गुडघा ताठ असतो, दुर्बिणीला फारसा उपयोगी नाही. पण पोर्टलच्या जागी सुई घालून मग सांधा उघडायचा आणि सुई कुठे पोचली ते बघायचं, यासाठी तो उत्तम.

ओटीत पाऊल ठेवताना

वही घेऊन सरांकडे जा. "सर, मला आर्थ्रोस्कोपी करू द्या" यापेक्षा "सर, पेटीत रेघ गाठली आहे, पुढच्या केसला निदानाचा पहिला फेरा मी घेऊ का? पाच मिनिटांत जमलं नाही तर तुम्ही घ्या," असं म्हटलं की बहुतेक सर हो म्हणतात. छोटा, ठरलेला तुकडा आणि ठरलेली वेळ. ऑपरेशननंतर त्यांच्याकडून गुण मागा. असेट नावाची एक मोजपट्टी यासाठी वापरतात. सुरक्षितता, नजरेचं क्षेत्र, कॅमेरा, हत्यार, दोन्ही हातांचा मेळ, कामाचा ओघ, दर्जा आणि किती स्वतंत्रपणे केलं, अशा बाबींवर आकड्यांत गुण. कागद छापून खिशात ठेवला तर दोन मिनिटांत भरून होतो. नुसतं "चांगलं होतं" ऐकून घरी जाऊ नका.

सिम्युलेटर काय शिकवत नाही तेही माहीत असू द्या. रक्त आलं की पडदा लाल होतो, पाण्याचा दाब वाढवायचा की टूर्निके (मांडीचा रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) तपासायचं हे पेटीत येत नाही. घट्ट गुडघा उघडायला पायावर किती ताण द्यायचा तेही नाही, जास्त दिला तर म्हाताऱ्या माणसाचं मीडियल लिगामेंट तुटतं. आणि आपल्याकडे बहुतेक गुडघे स्पायनलखाली (फक्त कमरेखाली भूल देऊन) होतात. आजी जागी असते. पडद्याच्या पलीकडून तिला सगळं ऐकू येतं. "अरे, हे काय झालं" हे वाक्य ओटीत कधी उच्चारू नका. पेटीवर सराव करतानाही जोडीदाराला पेशंट म्हणून डोक्याशी बसवा आणि तुम्ही काय बोलता ते त्याला लिहून घ्यायला सांगा. तुमची आजी मराठी बोलणारी असेलच असं नाही, शहराच्या पूर्व भागातून आली तर तेलुगू, अक्कलकोटकडची असेल तर कन्नड. तिच्याशी दोन शब्द बोलू शकणाऱ्या सिस्टर किंवा मामा (वॉर्डबॉय) डोक्याशी आहेत का, ते केसआधी बघा.

जिल्हा रेसिडेन्सीचे, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या नेमणुकीचे, तीन महिने आले की बहुतेकांचा सराव तुटतो. तिथे आर्थ्रोस्कोपी टॉवर असेलच असं नाही. पेटी सोबत न्या, बॅगेत मावते. जाण्याआधी तुमचे शेवटचे आकडे वहीत लिहून ठेवा, परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात तेच खेळ करा, आणि जिथे रेघ हुकली तिथून पुन्हा सुरू करा. तोवर सरांना सांगा की पुढच्या केसला तुम्ही पायच धराल.